नरक्याचा काढा आणि कॅन्सरचं औषध

"नरक्यात कॅन्सरचं औषध आहे. लाकूड उकळा नि प्या, कंपन्यांना पैसे कशाला द्यायचे?" हे इतक्यांदा ऐकलंय की उत्तर देताना आता आवाज चढतो.

यातलं पहिलं वाक्य खरं आहे, म्हणून दुसरं खपतं. नरक्याच्या झाडात कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य आहेच. मूळचे नंदुरबारचे मनसुख वाणी आणि त्यांचे सहकारी मन्रो वॉल यांनी ते 1966 मध्ये अमेरिकेत, एका चिनी झाडातून वेगळं केलं. अर्क काढायचा, त्याचे भाग पाडायचे, प्रत्येक भाग रक्ताचा कॅन्सर झालेल्या उंदरांवर तपासायचा, गुण दिसेल तेवढाच पुढे न्यायचा, अशी ती चिकाटीची पद्धत. 1972 मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांना तेच द्रव्य आपल्या सह्याद्रीतल्या नरक्यातही सापडलं.

गोष्ट इथेच संपवली की काढा विकता येतो. पण कॅम्प्टोथेसिन पाण्यात जेमतेमच विरघळतं. ते विरघळावं म्हणून त्याचा सोडियम क्षार करून रुग्णांना दिला, तर रक्तपेशी घटल्या, लघवीतून रक्त जाऊ लागलं आणि 1970च्या दशकात चाचण्या थांबवाव्या लागल्या. रेणूतल्या ज्या वलयामुळे औषध लागू पडतं, तेच क्षार करताना उघडत होतं. आम्लधर्मी लघवीत ते पुन्हा मिटायचं आणि मूत्राशयाचं अस्तर सोलवटायचं. शुद्ध, मोजून दिलेल्या द्रव्याची ही कथा. काढ्याचं काय बोलावं?

डीएनएचा पीळ सोडवणाऱ्या विकराला हे द्रव्य अडकवून ठेवतं, हे कळलं 1985 मध्ये. वाढणारी पेशी त्यामुळे मरते. कॅन्सरची मरते, तशी अस्थिमज्जेतली आणि आतड्यातलीही. रसायनशास्त्रज्ञांनी रेणूत फेरफार करून टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन बनवली. अमेरिकेत दोन्हींना मान्यता मिळाली 1996 मध्ये, शोधानंतर तब्बल 30 वर्षांनी. आजही ती शरीराच्या आकारमानावर डोस ठरवून, रक्त तपासत देतात. नरक्याच्या लाकडात द्रव्य किती, हे मात्र झाडागणिक बदलतं. पातेल्यात ते कोण मोजणार?

बाकीचे गैरसमज थोडक्यात. "नैसर्गिक म्हणजे निर्धोक": कण्हेरही नैसर्गिकच. "प्रयोगशाळेत पेशी मेल्या, म्हणजे औषध सापडलं": बशीतल्या पेशी फिनाइलनेही मरतात. "वेगळं काढलेलं द्रव्य कृत्रिम": झाडातला रेणू आणि बाटलीतला रेणू एकच. "आपलं झाड आहे, हवं तेवढं तोडा": कोल्हापूर-सिंधुदुर्गाकडे नरक्याच्या तस्करीच्या बातम्या येतात, त्या याच समजुतीच्या जोरावर.

घरात कुणाची केमोथेरपी चालू असेल आणि सोबत असा काढा सुरू असेल, तर तो आजच थांबवा आणि डॉक्टरांना न लाजता सांगा. दोन्हींचे दुष्परिणाम एकाच अस्थिमज्जेवर येतात.