परदेशात ‘मेडिकल’ करायचंय? पेशंट तपासायचाय की आजार, ते आधी ठरवा

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षातली मुलं-मुली मला एक प्रश्न सारखा विचारतात: “बारावीला मेडिकल हुकलं, पण ओढ अजून तिकडेच आहे. परदेशात जाऊन काही करता येईल का?” येईल. पण या एका प्रश्नात दोन प्रश्न लपलेत. ते वेगळे केले नाहीत तर वर्षंही जातात आणि घरच्यांचे पैसेही.

तुम्हाला पेशंट तपासायचा परवाना हवाय, की आजार कसा होतो आणि कसा थांबवायचा हे शोधायचंय? पहिल्यासाठी वैद्यकीय पदवी लागते. दुसऱ्यासाठी पीएचडी हा नेहमीचा रस्ता. पीएचडीने नावाआधी ‘डॉ.’ लागतं, पण तिच्या जोरावर औषध लिहून देता येत नाही.

परवान्याचा रस्ता

अमेरिकेत एमडी हा पदवीनंतरचा चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे, म्हणून बीएस्सी-एमएस्सीवाल्यांना तो जवळचा वाटतो. वाट आहे, पण फार अरुंद. एमकॅट ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. अनेक कॉलेजं परदेशी विद्यार्थी घेतच नाहीत. घेणाऱ्यांपैकी बऱ्याच ठिकाणी काही विषय आधी अमेरिकेत किंवा कॅनडात शिकलेले असावे लागतात. तिथलं सरकारी शैक्षणिक कर्ज आपल्याला मिळत नाही. एमडी-पीएचडी एकत्र करणाऱ्यांना एनआयएच १९६४ पासून निधी देते, पण तो अमेरिकी नागरिक आणि कायम रहिवाशांसाठी.

दुसरा पर्याय म्हणजे इतर देशात एमबीबीएसच्या तोडीची पदवी घेऊन भारतात परतणं. त्यासाठी राष्ट्रीय वैद्यक आयोगाचे २०२१ चे नियम वाचाच. आधी नीट पात्र व्हावं लागतं. मग इंग्रजी माध्यमातून किमान ५४ महिन्यांचं शिक्षण, त्याच संस्थेत १२ महिने इंटर्नशिप, परतल्यावर परीक्षा आणि इथे पुन्हा १२ महिने इंटर्नशिप. बेरीज करा: ७८ महिने, म्हणजे साडेसहा वर्षं. परीक्षेच्या तयारीचा वेळ वेगळाच. तेविसाव्या वर्षी सुरुवात केली तर तिशी येते, आणि बहुतेकदा हे सगळं घरच्या पैशावर.

संशोधनाचा रस्ता

इथे हिशेब उलटा असतो. अमेरिकेत बायोमेडिकल पीएचडीला साधारणपणे फी माफ असते आणि वर स्टायपेंड मिळतो. पाच-सहा वर्षं लागतात. बऱ्याच ठिकाणी पहिल्या वर्षी दोन-तीन लॅबमध्ये रोटेशन करून गाईड निवडता येतो. जर्मनीत मास्टर्स झालेलं लागतं, तीन-चार वर्षं लागतात आणि पुष्कळदा पगारी करार मिळतो. तिथे मात्र अनेकदा अर्ज करतानाच लॅब ठरलेली असते, त्यामुळे चौकशी आधीच नीट करावी लागते.

“पण मग खऱ्या मेडिकलपासून लांबच राहणार ना?” तसं नाही. एमआरएनए लशींमागच्या कामासाठी २०२३ चं नोबेल कातालिन कारिको आणि ड्र्यू वाइसमन यांना मिळालं. वाइसमन वैद्यकीय डॉक्टर आहेत, कारिको बायोकेमिस्ट. त्यांनी हंगेरीत पीएचडी केली आणि नंतर अमेरिकेत काम केलं. त्यांच्याकडे वैद्यकीय पदवी नाही.

रुग्णांच्या जवळचं काम हवं असेल तर हॉस्पिटलला जोडलेली लॅब शोधा. मुलाखतीत तीन गोष्टी सरळ विचारा: रुग्णांचे नमुने कुठून येतात? एथिक्स कमिटीची परवानगी मिळालीय का? प्रकल्पात डॉक्टर सहमार्गदर्शक आहे का? परवानगीच नसेल, तर पहिलं वर्ष कागदपत्रांतच जाऊ शकतं.

मग ठरवायचं कसं?

स्वतःला एवढंच विचारा: सहा महिने प्रयोग फसत राहिला तर मी सातव्या महिन्यात तो पुन्हा लावेन का? उत्तर ‘हो’ असेल, तर पीएचडीचे अर्ज भरा. आणि समोर बसलेल्या माणसाला आपल्या हातून बरं वाटावं, याशिवाय मन लागणार नसेल, तर साडेसहा वर्षांचा हिशेब घरी स्पष्ट मांडा आणि नीटची तयारी सुरू करा.

दोन्ही रस्ते चांगले आहेत. फक्त पीएचडीला ‘मेडिकलचा मागचा दरवाजा’ समजून जाऊ नका. आत गेल्यावर तिथे ओपीडी नसते.