नदीकाठचे कोट व गढ्या : प्राथमिक शाळांसाठी सोप्या पायी सहली

किल्ला म्हटला की बुलढाणा जिल्ह्यातील मुलाच्या डोळ्यांसमोर रायगड किंवा प्रतापगड उभा राहतो. शिवचरित्राच्या पाठात त्याने तेच चित्र पाहिलेले असते. किल्ला म्हणजे दूर सह्याद्रीत, ढगांत बुडालेला डोंगर. आपल्या मुलखात त्यातले काही नाही, अशी त्याची समजूत होते व ती दूर करण्याचा प्रयत्नही सहसा होत नाही. वस्तुतः ज्या गावात तो शिकतो त्या गावाच्या मध्यभागी पांढऱ्या मातीचा एक उंचवटा असतो, त्यास गाव ‘गढी’ म्हणते आणि तो उंचवटा हा किल्लाच होय. डोंगरी किल्ल्याचे बळ चढणीत असते. मैदानी किल्ल्याचे बळ पाण्यात, तटाच्या जाडीत व वेशीच्या वळणात असते. हे एकदा ध्यानात आले म्हणजे नदीकाठाने दोन-तीन किलोमीटर चालत जाऊन पाहता येतील अशी स्थळे या जिल्ह्यात व त्याच्या सीमेवर पुष्कळ आहेत, असे आढळून येईल.

सहलीस निघण्यापूर्वी जिल्ह्याची ठेवण मुलांस समजावून द्यावी. आपल्याकडील बोलण्यात ‘घाटावर’ व ‘घाटाखाली’ असे दोन शब्द रोज येतात. जुन्या लेखांत त्यांसच बालाघाट व पायनघाट अशी नावे आहेत. अजिंठ्याच्या डोंगराची कड जिल्ह्यातून आडवी गेली आहे. कडेच्या उत्तरेस पूर्णेचे सपाट खोरे. नळगंगा, विश्वगंगा, मन या नद्या तिकडे उतरतात व पूर्णेवाटे त्यांचे पाणी तापीस आणि शेवटी अरबी समुद्रास मिळते. कडेच्या दक्षिणेस पैनगंगा व खडकपूर्णा. पैनगंगा बुलढाण्याच्या पश्चिमेस डोंगरात उगम पावून वर्धा नदीस मिळते, खडकपूर्णा गोदावरीस. म्हणजे हे पाणी बंगालच्या उपसागरास जाते. एकाच पावसाची एक सर दोन समुद्रांस वाटली जाते, ही गोष्ट फळ्यावर सांगितली तर मुले ऐकून घेतात. घाटमाथ्यावर उभे करून दोन्हीकडचे उतार दाखविले तर ती जन्मभर विसरत नाहीत.

या ठेवणीतूनच येथील लष्करी इतिहास निघालेला आहे. उत्तरेकडून बऱ्हाणपूरमार्गे दक्षिणेत उतरणाऱ्या फौजेस पूर्णेचे खोरे ओलांडून घाट चढावा लागे. फौज थकलेली, बैल थकलेले, तोफांचे गाडे रुतलेले, अशा वेळी घाटाच्या तोंडाशी गाठ पडे. मोताळा तालुक्यातील रोहिणखेड हे गाव घाटाच्या पायथ्याशी आहे. तेथे 1437 मध्ये खानदेशच्या सुलतानाची व बहामनी फौजेची लढाई झाली आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस निजामशाहीतील भाऊबंदकीची लढाईही त्याच परिसरात झाली. दीडशे वर्षांच्या अंतराने दोन लढाया एकाच जागी का व्हाव्यात, हा प्रश्न इयत्ता चौथीच्या मुलांस विचारून पाहावा. नकाशा समोर असेल तर उत्तर वर्गातूनच येते. गावात 1582 ची मशीद आहे; तिचे दगडी कोरीवकाम पाहण्यासारखे आहे.

आता दुसरी गोष्ट, बांधकामाच्या सामानाची. घाटावर जमिनीखाली हातभर खणले की काळा दगड लागतो. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात गाळाची माती फार खोलवर आहे व दगड जवळपास नाही. म्हणून घाटावरचे कोट काळ्या दगडाचे आणि घाटाखालचा मोठा कोट विटेचा. शिवाय पूर्णाकाठचा बराच मुलूख खारपाणपट्ट्यात मोडतो. विहिरीचे पाणी खारट, तेव्हा वस्तीने व फौजेने नदीस धरून राहावे हे ओघानेच आले. किल्ल्याची भिंत हेच भूगोलाचे पुस्तक आहे, असे म्हणावयास हरकत नाही. मात्र ते वाचून दाखविणारा कोणी सोबत हवा.

विटेच्या कोटाचा उत्तम नमुना बाळापूर येथे आहे. हे गाव अकोला जिल्ह्यात येत असले तरी खामगावहून जेमतेम पंचवीस किलोमीटरवर, मोठ्या रस्त्यावरच आहे आणि त्याच्या पायाशी वाहणारी मन नदी आपल्याच जिल्ह्यातून तेथे जाते. खामगाव तालुक्यातील शिर्ला नेमाने येथे जिचे धरण आहे तीच ही नदी. बाळापुरास मन व म्हैस या दोन नद्यांचा संगम आहे आणि कोट नेमका त्या बेचक्यात, उंचवट्यावर आहे. पूर्वी पावसाळ्यात पूर आला की एक बाजू सोडून कोटाभोवती पाणीच पाणी होई. खंदक खणण्याचा खर्च नद्यांनी वाचविला! औरंगजेबाचा पुत्र आझमशहा याने कामास आरंभ केला व एलिचपूरचा नवाब इस्माईलखान याने ते 1757 मध्ये पुरे केले. उंच तट, भक्कम बुरूज आणि एकामागून एक तीन दरवाजे अशी रचना आहे. पहिला दरवाजा फोडून शत्रू आत शिरला तरी तो दुसऱ्या दरवाजासमोर, अरुंद जागेत, तटावरील लोकांच्या माऱ्याखाली सापडावा, हा त्यातील हेतू. तटातील जंग्या, म्हणजे बंदुकीसाठी ठेवलेली तिरपी भोके, मुलांस आतून डोळा लावून पाहू द्यावीत. आतल्या माणसास बाहेरचे कितीतरी दिसते, बाहेरच्यास आतले काहीच दिसत नाही, हे त्यांना न सांगता कळते. वीट ही दगडापेक्षा कच्ची, मग तिचा कोट कसा टिकला, असे एखादे चौकस मूल विचारील. तोफेचा गोळा दगडावर आदळला की दगड तडकतो. जाड विटकामात व मातीत तो रुतून बसतो, असे त्यास सांगावे.

कोटाच्या पायथ्याशी बाळादेवीचे देऊळ आहे. गावाचे नाव तिच्यावरून पडले. नदीकाठी मिर्झाराजे जयसिंग याची काळ्या दगडाची छत्री आहे. 1665 च्या पुरंदरच्या तहात भेटलेला जयसिंग तो हाच, असे सांगताच पुस्तकातील नाव एकदम जवळचे होते. कोट, देऊळ, संगम व छत्री ही फेरी लहान मुलांस सकाळच्या वेळात सहज झेपते. याच गावाजवळ 1720 मध्ये निजाम-उल्-मुल्काने आलमअलीखानाचा पराभव केला. पुढची लढाई आपल्या जिल्ह्यातच झाली, ती साखरखेर्डा येथे, 11 ऑक्टोबर 1724 रोजी. तीत हैदराबादचा सुभेदार मुबारिजखान मारला गेला, दख्खनमध्ये निजामाचा जम कायमचा बसला आणि गावास फतेहखेर्डा असे नाव मिळाले. सव्वादोनशे वर्षे टिकलेल्या एका राज्याचा पाया सिंदखेडराजा तालुक्यातील शेतांत घातला गेला, हे त्या भागातील किती शाळांत सांगितले जाते याचा विचार करावा. गावाने मात्र नवे नाव टाकून जुनेच ठेवले.

घाटावर प्रथम सिंदखेडराजाचे नाव येते. जिजाऊंचे जन्मस्थान म्हणून ते सर्वांस ठाऊक आहे आणि 12 जानेवारीस तेथे अलोट गर्दी लोटते; म्हणून लहान मुलांची सहल त्या दिवशी न नेता आगेमागे न्यावी. राजवाडा पाहून मुले परत येतात, येथेच चूक होते. काळाकोट नावाचे अवाढव्य दगडी बांधकाम, लखुजी जाधवरावांची समाधी, मोती तलाव, चांदणी तलाव व पुतळा बारव हे सर्व पायी फिरण्याच्या अंतरात आहे. येथे मोठी नदी नाही. ओढ्यांचे पाणी अडवून तलाव केले. नदी नसेल तेथे पाणी कसे उभे करावे हा त्या काळच्या सरदारापुढील लष्करी प्रश्नच होता, कारण घोडदळ पाण्यावाचून एक दिवसही तळ देत नाही. लखुजी 1629 मध्ये देवगिरीस निजामशहाच्या दरबारात पुत्र व नातवासह मारले गेले. त्यांच्या समाधीच्या परिसरात दुरुस्तीचे काम चालू असता 2024 मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणास जमिनीखाली शेषशायी विष्णूची मोठी, सुबक मूर्ती सापडली. शेकडो वर्षे लोक त्या जागेवरून चालत होते. ‘आता शोधण्यासारखे काय उरले आहे?’ असे विचारणाऱ्या मुलास हे उदाहरण पुरेसे आहे.

मेहकर पैनगंगेच्या काठी आहे. गावास पूर्वी तट होता आणि तो राजाने नव्हे तर येथील मोमीन विणकरांनी आपल्या पैशाने बांधला असे सांगतात. मोमीन वेशीवर 1488 चा लेख असल्याची नोंद जुन्या गॅझेटिअरात आहे. विणकरांस कोट बांधण्याइतका पैसा मिळत होता, ही ओळ राजांच्या सनावळीपेक्षा अधिक बोलकी आहे. 1769 मध्ये जानोजी भोसल्यांवरील मोहिमेत थोरल्या माधवरावांचा तळ या गावी पडला होता. पुढे पेंढाऱ्यांच्या धामधुमीत गावाची रया गेली. नदीचा घाट, कंचनीच्या महालाचे अवशेष आणि 1888 मध्ये जमिनीतून निघालेल्या शारंगधर बालाजीच्या मूर्तीचे मंदिर अशी येथील फेरी होते. मलकापुरास नळगंगेच्या काठी असाच पाच वेशींचा तट होता. 1803 च्या ऑगस्टमध्ये शिंदे व भोसले यांच्या छावणीतून इंग्रजांचा वकील निघून गेला व युद्ध पेटले, ती छावणी मलकापूरजवळच होती.

मुलांस नेताना काही पथ्ये पाळावीत. दिवाळीनंतर माघापर्यंतचा काळ उत्तम. पावसाळ्यात नदीकाठची वाट वर्ज्य. चालणे एकूण चार किलोमीटरांहून अधिक नसावे. पालकांची संमती लेखी घ्यावी. शिक्षकाने आदल्या आठवड्यात स्वतः जाऊन यावे, कारण जुन्या बुरुजांत आग्यामोहोळ असते व ते उठले तर पन्नास मुले आवरणे अशक्य होते. धूर, फटाके, दगड मारणे यांस सक्त मनाई असावी. कच्च्या तटावर कोणीही चढू नये. डोहाच्या बाजूने मोठी मुले वा शिक्षक चालावेत. संरक्षित वास्तूवर नाव कोरणे हा कायद्याने गुन्हा आहे, हे निघण्यापूर्वीच सांगावे.

बुरुजाची उंची काढणे हा मुलांचा आवडता खेळ होतो. एक मीटरची काठी उन्हात उभी करून तिची सावली मोजावी. त्याच वेळी बुरुजाची सावली मोजावी. काठीची सावली दीड मीटर व बुरुजाची बारा मीटर भरली, तर बुरूज आठ मीटर उंच. वहीत तीन रकाने आखावेत : पाहिले, ऐकले, वाचले. ‘या भुयारातून थेट देवगिरीस जाता येते’ हे वाक्य बहुतेक प्रत्येक गावी ऐकावयास मिळते. ते दुसऱ्या रकान्यात लिहावे, खोडू नये आणि पहिल्या रकान्यातही जाऊ देऊ नये. आणखी एक सावधगिरी शिक्षकाने स्वतःच्या बोलण्यात बाळगावी. लखुजी निजामशाहीत होते व काही काळ मोगलांकडेही. 1720 मध्ये मराठी पथके एका मोगल सरदाराच्या बाजूने लढली. ‘आपले’ आणि ‘त्यांचे’ अशा दोन रांगांत हा इतिहास बसत नाही. बसविला तर खोटा होतो.

ज्या शाळेस गाडीभाडे परवडत नाही तिने आपल्याच गावच्या गढीकडे जावे. गावात वस्तीच्या जमिनीस ‘पांढरी’ व शेतीच्या जमिनीस ‘काळी’ म्हणतात. गढी ही पांढरीची राखणदार. पेंढारी आले की बायका-मुले, गुरे व धान्य आत घेऊन वेस लावीत. ओढ्याचे वळण, वेस, गढी व तिच्यातील जुनी विहीर एवढे चित्र मुलांनी काढले तरी काम झाले. हे काम या वर्षीच करावे असे म्हणण्यास कारण आहे. गढीची पांढरी माती शेतास खत म्हणून व घरास लिंपण म्हणून पूर्वीपासून नेली जाते. टोपल्यांनी नेली तेव्हा गढी शंभर वर्षे पुरली. आता यंत्राने एका दिवसात बुरूज सपाट होतो व जागेवर रस्ता किंवा सभागृह उभे राहते. कायद्याचे संरक्षण थोड्याच वास्तूंस आहे. बहुसंख्य गढ्यांची नोंदसुद्धा कोठे नाही. बुरुजांची नावे, वेशीची जागा, विहीर कोणत्या कोपऱ्यात होती, हे सांगू शकणारी माणसे सत्तरी ओलांडलेली आहेत. मुलांनी त्यांच्या ओट्यावर बसून विचारावे, नकाशावर त्यांच्याकडूनच खुणा करून घ्याव्यात, खाली तारीख घालावी आणि नकाशाची एक प्रत शाळेच्या कपाटात, हजेरीपटांच्या शेजारी ठेवावी.