आब्लो, आब्लास आणि ‘बोलून राहिलो’

‘मला संत्री आवडतात’ हे वाक्य नागपुरात कुणाला शिकवावं लागत नाही. स्पॅनिशमध्ये ते ‘मे गुस्तान लास नारांहास’ असं होतं, आणि इंग्रजी मातृभाषा असलेला विद्यार्थी नेमका इथे अडखळतो. त्याच्या भाषेत आवडण्याचा कर्ता ‘मी’ असतो, म्हणून तो ‘यो गुस्तो’ म्हणून मोकळा होतो. त्याचा अर्थ निघतो, ‘मी आवडतो’. मग शिक्षक त्याला समजावतात की इथे कर्ता संत्री आहेत, ज्याला आवडतात तो निराळ्या विभक्तीत जातो, आणि एक संत्रं असेल तर ‘गुस्ता’, अनेक असतील तर ‘गुस्तान’. हे आपल्याला समजावण्याची गरजच नाही. आवडतं, आवडतात, मला, तुला, वऱ्हाडाकडे मले, तुले. ‘नारांहा’ हा शब्दसुद्धा अरबी-फारसीच्या वाटेनं मागे संस्कृतातल्या ‘नारंगा’पर्यंत जातो, हे जाता जाता.

तरीही नागपुरात बसून स्पॅनिश शिकणारा मुलगा किंवा मुलगी बहुधा इंग्रजीतून शिकते. पुस्तक इंग्रजी, मोबाइलमधलं ॲप इंग्रजी, आणि त्यातल्या सगळ्या सूचना इंग्रजी डोक्याला काय जड जाईल याचा अंदाज बांधून लिहिलेल्या. ‘क्रियापदाला सहा रूपं असतात, घाबरू नका’ असा धीर पहिल्याच धड्यात मिळतो. घाबरायचं कुणी? इंग्रजीत वर्तमानकाळात बोलण्याची रूपं दोनच, ‘स्पीक’ आणि ‘स्पीक्स’; त्यामुळे सहा हा आकडा तिथे डोंगराएवढा वाटतो. मराठीत बोलतो, बोलते, बोलतं, बोलतोस, बोलतेस, बोलता, बोलतात अशी सात रूपं आपण रोज वापरतो. स्पॅनिशमधली सहा म्हणजे आब्लो, आब्लास, आब्ला, आब्लामोस, आब्लाइस, आब्लान. यातलं ‘आब्लाइस’ मुख्यतः स्पेनमध्ये चालतं, लॅटिन अमेरिकेत पाचांवर भागतं. शिवाय बोलणारा पुरुष की बाई याची स्पॅनिश क्रियापदाला फिकीर नसते. म्हणजे हिशेबाने आपल्याला सवलतच मिळते. माझं म्हणणं एवढंच की स्पॅनिश क्रियापद मराठीतून शिकावं, आणि नागपूरकराने तर नागपुरी मराठीतून शिकावं.

शाळेत संस्कृत घेतलेल्यांना आणखी एक दार उघडं आहे. वदसि, वदामः, वदन्ति ही रूपं घोकलेल्या कानाला आब्लास, आब्लामोस, आब्लान परकी वाटू नयेत. ‘तू’साठी स, ‘आम्ही’साठी म आणि ‘ते’साठी न हे साम्य योगायोगाचं नाही, लॅटिन आणि संस्कृत या एकाच भाषाकुळातल्या. मराठीतल्या ‘बोलतोस’चा शेवटचा स त्याच घराण्यातला. इंग्रजीने मात्र ही शेपटं शतकानुशतकं झिजवली आणि ‘कोण बोलतंय’ हे सांगण्याचं सगळं ओझं सर्वनामावर टाकलं. म्हणून इंग्रजी विद्यार्थी स्पॅनिशमध्येही प्रत्येक वाक्यात ‘यो, यो’ करत राहतो. ‘कुठे चाललास?’ असं विचारताना आपल्याला ‘तू’ लागत नाही, तसा स्पॅनिश माणसालाही लागत नाही.

काळाच्या बाबतीत तर मराठी फारच श्रीमंत आहे. ‘आजोबा शुक्रवारी तलावाकडे फिरायला जायचे’ आणि ‘आजोबा काल फिरायला गेले’ यांतला फरक आपल्याकडे पाच वर्षांचं पोर चुकवत नाही. स्पॅनिशमध्ये पहिल्याला ‘इबा’, दुसऱ्याला ‘फुए’. इंग्रजीचं साधं ‘वेंट’ दोन्हीकडे खपतं, म्हणून तिथल्या पुस्तकांत या भेदावर पानंच्या पानं खर्ची पडतात. तसाच तो बदनाम सब्जंक्टिव्ह. ‘किएरो के बेंगास’ म्हणजे ‘तू यावंस असं मला वाटतं’. मोरो केशव दामल्यांनी 1911 च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त ज्याला वाख्यात म्हटलं, ते ‘यावं’ इथे उपयोगी पडतं, आणि त्याच्या टोकाला तोच तो स. इच्छा, विनंती, आशीर्वाद यांसाठी क्रियापदाचं रूपच बदलायचं ही कल्पना आपल्याला नवी नाही. ती नवी वाटते, कारण आपण ती इंग्रजी खिडकीतून पाहतो. हे आजचंही नाही. दादोबा पांडुरंगांनी 1836 मध्ये मराठीचं व्याकरण छापलं तेव्हा त्यांच्यासमोर लिंडले मरेच्या इंग्रजी व्याकरणाचा नमुना होता.

आता आक्षेप. सगळ्यात वजनदार आक्षेप असा की मराठी जितकी मदत करते तितकीच फसवतेही, आणि तो खरा आहे. ‘मी पोळी खाल्ली’, ‘मी आंबा खाल्ला’. भूतकाळात सकर्मक क्रियापद आपल्याकडे कर्माच्या मागे धावतं. ‘तू पोळी खाल्लीस’ हे जवळून पाहावं: ‘ली’ पोळीची, ‘स’ तुझा, एकाच शब्दात दोन मालक. स्पॅनिशमध्ये असं काही नाही. पोळी असो, आंबा असो, मी खाल्लं की ‘कोमी’, तू खाल्लंस की ‘कोमिस्ते’. मराठी सवयीने कर्माचं लिंग शोधायला गेलेला विद्यार्थी इथे उगाच घुटमळतो. ‘असणे’साठी स्पॅनिशमध्ये ‘सेर’ आणि ‘एस्तार’ अशी दोन क्रियापदं आहेत, त्यांची वाटणीही मराठीच्या ‘आहे’ आणि ‘असतो’वर नीट बसत नाही. ‘एस आबुरीदो’ म्हणजे माणूस कंटाळवाणा आणि ‘एस्ता आबुरीदो’ म्हणजे तो कंटाळलेला; हे पाठच करावं लागतं. पण म्हणून मराठी बाजूला ठेवायची का? चूक कुठे होणार हे आधी कळणं हाही शिकण्याचाच भाग आहे, आणि मराठी माणूस कुठे चुकेल हे इंग्रजी पुस्तकाला ठाऊक असण्याचं कारण नाही.

दुसरा आक्षेप अनियमित रूपांचा. ‘पोदेर’चं ‘पुएदो’ होतं, पण ‘आम्ही’ म्हणताना परत ‘पोदेमोस’; हे कोणत्या मराठीतून समजणार? मला वाटतं ‘मूल’ या शब्दातून. मूल म्हणताना ऊ दीर्घ, प्रत्यय लागला की ‘मुलाला’, ऊ ऱ्हस्व. शेवटी वजन आलं की आतला स्वर आखडतो. स्पॅनिशमध्येही आघात धातूवर असेल तर ओ फुलून उए होतो, आघात प्रत्ययावर सरकला की पुन्हा ओ. नियम अगदी एकच नाहीत, पण मूल, मुलाला म्हणणाऱ्याला असा बदल लहरी वाटत नाही.

राहता राहिली नागपुरी. ‘काय करून राहिला?’ या वाक्यावर पुण्या-मुंबईत हसणारे पुष्कळ. हिंदीच्या ‘कर रहा है’ची नक्कल म्हणून ते अशुद्ध ठरवलं जातं, 1956 पर्यंत हिंदी-मराठी अशा दुभाषी प्रांताची राजधानी राहिलेल्या शहरात हिंदीचा वारा लागणारच. पण ‘एस्तोय आब्लांदो’ हे स्पॅनिश वाक्य समोर ठेवावं. ‘आब्लांदो’ म्हणजे बोलत किंवा बोलून, आणि ‘एस्तार’ हे लॅटिनमधल्या उभं राहण्याच्या क्रियापदातून आलेलं, संस्कृत ‘स्था’चं भावंड. शब्दाला शब्द लावला तर ‘बोलून राहिलो’ हेच उत्तर येतं. ‘एस्ताबा आब्लांदो’ म्हणजे बोलून राहिलो होतो. प्रमाण मराठीचं ‘बोलतो आहे’ इतकं चपखल बसत नाही.

बोलीला हसण्याचा छंद तिकडेही आहे. अर्जेंटिनात ‘तू’ऐवजी ‘वोस’ म्हणतात आणि ‘आब्लास’चा आघात शेवटी नेतात. शाळामास्तरांनी ते वर्षानुवर्षं चूक ठरवलं. तिथल्या भाषा अकादमीने 1982 मध्ये त्याला मान्यता दिली.

नागपुरीचा एकच प्रयोग मात्र घरी ठेवून जावा लागेल. ‘उद्या पुण्याले जाऊन राहिलो’ असं आपण सहज म्हणतो. इंग्रजीतही तसं चालतं. स्पॅनिशमध्ये उद्याच्या प्रवासाला ‘एस्तोय’ लावत नाहीत, नुसतं ‘मान्याना बोय’ म्हणतात, उद्या जातो. तेवढ्यापुरती पुण्याची मराठी कामाला येते.