ब्रह्मदेशाचे ओन्नो खाउस्वे

ब्रह्मदेश म्हटला की मराठी वाचकाला प्रथम आठवतो तो मंडालेचा तुरुंग. लोकमान्य टिळक १९०८ ते १९१४ या काळात तेथे बंदिवासात होते आणि 'गीतारहस्य' त्यांनी तेथेच लिहिले. परंतु ज्या देशाशी आपला इतका जुना संबंध, तेथील माणसे जेवतात काय, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. म्यानमार हे अधिकृत नाव १९८९ मध्ये घेतलेल्या त्या देशातील एका पदार्थाची ओळख आम्ही आज करून देत आहोत. तो आपल्या घरी सहज होण्याजोगा आहे, आणि त्याच्या मागे लाखो माणसांची कष्टाची वाटचाल आहे.

पदार्थाचे नाव ओन्नो खाउस्वे. 'ओन्नो' म्हणजे नारळाचे दूध, 'खाउस्वे' म्हणजे नूडल्स. नारळाच्या दुधातील कोंबडीचा रस्सा नूडल्सवर ओतून ते खातात. तिकडे ते न्याहारीलाही चालते आणि पाहुण्यांच्या पंगतीलाही शोभते. रस्शाला दाटपणा येतो तो बेसनाने. हरभऱ्याला ब्रह्मी भाषेत 'कला पे' म्हणतात. हिंदुस्थानातून गेलेल्या लोकांना तिकडे जे नाव पडले, तेच या कडधान्याला लागले. जुन्या शेजाराची खूण या वाडग्यात अशी आधीपासूनच आहे.

हा शेजार केवढा मोठा होता! १९३१ च्या शिरगणतीत रंगून शहरातील निम्म्याहून अधिक वस्ती हिंदी लोकांची होती. मार्च १९४२ मध्ये जपानी सैन्याने रंगून घेतले, आणि लाखो हिंदी लोक आराकान व मणिपूरच्या वाटेने मायदेशी निघाले. भूक, हिवताप आणि डोंगरातील पाऊस यांनी हजारो वाटेतच दगावले. पुढे मार्च १९६२ मध्ये सेनापती ने विन यांनी सत्ता हाती घेतली, दुकाने व धंदे सरकारजमा झाले, आणि पुन्हा लाखोंना परतावे लागले. घरेदारे तिकडेच राहिली. हाताची चव तेवढी बरोबर आली. चेन्नईच्या बर्मा बाजाराच्या परिसरात ब्रह्मी नूडल्स विकल्या जातात आणि सुरतेत 'खावसा' खातात, ते यामुळेच.

आता कृती. सहा माणसांसाठी हाडांसह एक किलो कोंबडी, पाव चमचा हळद आणि मीठ घालून सात वाट्या पाण्यात मंद आचेवर शिजवावी. मांस हाडांपासून सोडवून त्याचे लांबट तुकडे करावेत आणि शिजवलेले पाणी गाळून ठेवावे. एका मोठ्या नारळाचे पहिले जाड दूध वेगळे काढावे. त्याच चोथ्यात कोमट पाणी घालून दोन-तीन वाट्या पातळ दूध काढावे. अर्धी वाटी बेसन कोरडेच मंद आचेवर खमंग भाजावे आणि निवल्यावर गार पाण्यात गुठळी न राहील असे कालवावे.

चार कांदे, आठ लसूणपाकळ्या व इंचभर आले वाटून चार मोठे चमचे तेलात परतावे. येथे घाई करू नये. पाणी आटून तेल कडेला सुटू लागले म्हणजेच वाटण झाले. या अवस्थेला ब्रह्मी स्वयंपाकात 'सी ब्यान', म्हणजे 'तेल परत आले', असे म्हणतात. मग थोडी हळद, दोन चमचे कमी तिखट लाल मिरचीपूड आणि कोंबडीचे तुकडे घालून परतावे. गाळलेले पाणी व पातळ दूध ओतून उकळी आली की कालवलेले बेसन ढवळत सोडावे आणि वीस मिनिटे मंद शिजू द्यावे. माशांपासून केलेला खारट फिश सॉस मिळाल्यास दोन चमचे घालावा, न मिळाल्यास मीठ पुरे. शेवटी जाड दूध घालून रस्सा केवळ गरम करावा. खळखळ उकळल्यास दूध फाटून तेल वर येते.

अर्धा किलो अंड्याच्या नूडल्स वेगळ्या उकडून निथळाव्यात. त्यांतील मूठभर तळून कुरकुरीत कराव्यात.

आमच्या भगिनींना एक विनंती आहे. गरम मसाला घालण्याचा मोह येथे आवरावा. तो घातल्यास चांगले कालवण होईल, खाउस्वे होणार नाही. पाहुण्याला आपला अंगरखा चढवून आपण त्याला ओळखले असे होत नाही. परक्या घरचा पदार्थ त्याच्या रीतीनेच करावा, यात त्या घराचा मान आहे.

वाढण्याची रीत तर पदार्थाचा प्राणच होय. उकडलेल्या अंड्याच्या फोडी, बारीक चिरलेला कच्चा कांदा, कोथिंबीर, भाजलेल्या मिरचीचा भरडा, तळलेला लसूण, तळलेल्या नूडल्स आणि लिंबाच्या फोडी पानाजवळ निरनिराळ्या वाट्यांत ठेवाव्यात. वाडग्यात नूडल्स, त्यावर रस्सा, आणि पुढचे ज्याचे त्याने घ्यावे. आजीबाईंना तिखट नको, मुलाला लिंबू अधिक हवे. दोघांचेही एकाच पातेल्यातून भागते, आणि वाट्या पुढेमागे सरकवताना घरात बोलणेही होते.

१ फेब्रुवारी २०२१ रोजी त्या देशात लष्कराने पुन्हा सत्ता बळकावली. त्यानंतर हजारो स्त्रीपुरुष मुलांबाळांसह सरहद्द ओलांडून मिझोराममध्ये आश्रयाला आले, आणि तेथील गावांनी त्यांना जवळ केले. दूरच्या दुःखाची बातमी आपण वाचतो आणि पान उलटतो. ज्या देशाचे अन्न एकदा आपल्या हाताने शिजवले, त्याची बातमी मात्र इतक्या सहज उलटवत नाही. म्हणून एखाद्या रविवारी हे करून पाहावे, आणि मुलांनी 'हे काय?' असे विचारले की केवळ पदार्थाचे नाव न सांगता ते कोणाच्या घरचे आहे, हेही सांगावे.