टायरची पकड आणि वळणाची रेघ

मोटारींची शर्यत म्हटली की शिरूर-दौंडच्या श्रोत्यांना वाटते, हा श्रीमंतांचा खेळ. आपला त्याच्याशी संबंध काय? 30 ऑक्टोबर 2011 रोजी ग्रेटर नोएडा येथे भारतातील पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली आणि तीत नारायण कार्तिकेयन यांनी भाग घेतला. 2017 साली कोल्हापूरचे कृष्णराज महाडिक ब्रिटनमधील फॉर्म्युला थ्री मालिकेत धावले. या खेळामागील शास्त्र मात्र पुणे-नगर आणि पुणे-सोलापूर रस्त्यांवर रोज स्टिअरिंग धरणाऱ्या कामगाराचेही शास्त्र आहे. म्हणून आम्ही ते येथे मांडीत आहोत.

दौंडच्या रेल्वे कामगारांना एक गोष्ट ठाऊक आहे. पोलादी रूळ व पोलादी चाक यांच्यातील पकड बेताचीच असते, म्हणून इंजिनाचे चाक घसरू लागले की रुळावर वाळू सोडतात. वळण कसे घ्यावे, हे मात्र रूळच ठरवितो. मोटारीला रूळ नाही. तिला वळविणारे बल टायर आणि रस्ता यांच्या घर्षणातूनच मिळते, आणि मोटारीचा प्रत्येक टायर रस्त्याला जेमतेम तळहाताएवढ्या जागेत टेकलेला असतो.

ही पकड म्हणजे मर्यादित भांडवल आहे. ब्रेक, वळण आणि वेगवाढ या तिघांचा खर्च त्यातूनच भागवावयाचा. ब्रेकवर सारे भांडवल उधळले, तर वळणासाठी काहीच उरत नाही आणि गाडी सरळ पुढे सरकते. म्हणून शर्यतीचा चालक मुख्य ब्रेक सरळ रस्त्यावरच मारतो, मग वळतो. शिवाय वेग दुप्पट झाला की वळणासाठी लागणारे बल चौपट होते.

आता रेघेकडे वळू. समजा, काटकोनी वळण आहे, रस्ता 10 मीटर रुंद आहे आणि आतल्या कडेची त्रिज्या 25 मीटर आहे. मधून जाणाऱ्या गाडीला 30 मीटर त्रिज्या मिळते. कोरड्या डांबरावर घर्षणांक 0.8 धरला, तर ती ताशी सुमारे 55 किलोमीटर वेगाने वळू शकेल. शर्यतीचा चालक बाहेरच्या कडेने येतो, मध्यावर आतली कड गाठतो व पुन्हा बाहेर जातो. गाडीची रुंदी सोडून दिली, तर त्याची त्रिज्या सुमारे 59 मीटर होते आणि वेग 77 पर्यंत जातो. टायर तोच, फरक केवळ रेघेचा!

परंतु शर्यतीच्या मार्गावर समोरून कोणी येत नाही. आपल्या रस्त्यावर हीच रेघ ओढणारा दुसऱ्याच्या बाजूत शिरतो, आणि समोरून एस.टी. असू शकते. तेव्हा आपल्याला रेघ बदलता येत नाही. वेगच कमी करावा लागतो. उंच भरलेली उसाची ट्रॉली तर पकड सुटण्याआधीच उलटू शकते.

कोणी म्हणेल, शर्यतीचे टायरही गुळगुळीत असतात, मग आमचा गोटा टायर काय वाईट? ते टायर मऊ रबराचे, तापून चिकटणारे आणि कोरड्या रस्त्यापुरतेच असतात. पाऊस पडला की चालक खाचांचे टायर चढवितो, कारण खाचा पाणी बाहेर काढतात. गोटा टायर पाण्यावर तरंगू लागतो. शेतातील काळी माती रस्त्यावर आली आणि वर सर पडली, तर घर्षणांक 0.4 च्याही खाली जाऊ शकतो. 0.4 धरला तरी वरच्या वळणावर 55 चे 39 होतात.

शर्यतीत टायर बदलण्यासाठी माणसे तयार उभी असतात. आमच्या ट्रकचालकाला मात्र खेपेवर मजुरी मिळते. टायरसाठी थांबला तर त्याचा रोज बुडतो. मोटारीच्या टायरच्या खाचा 1.6 मिलिमीटरपेक्षा कमी खोल नसाव्यात, असा नियम आहे. पण खोली मोजावयाची कोणी? आमचे म्हणणे इतकेच की प्रत्येक खेपेआधी चालकाने टायर तपासावा, गोटा दिसल्यास गाडी नाकारण्याचा त्याला हक्क असावा, आणि त्या दिवसाची मजुरी कापली जाऊ नये. घर्षणाचा नियम मालक-मजूर पाहत नाही. पण त्याचा दंड प्रथम भरतो तो स्टिअरिंगमागचा माणूस.