उन्हाळ्यात ब्रॉयलर का मरतो? दोष वाणातही आहे

एप्रिल-मे महिन्यांत विदर्भ व मराठवाड्यात पारा ४० अंशांच्या वर गेला की ब्रॉयलरच्या शेडमध्ये मरतूक सुरू होते. मरतो तोही नेमका भरलेला, दोन किलोंचा, विक्रीला तयार झालेला पक्षी. शेडमालक पत्र्याला दोष देतो, व्यापारी गाडीवाल्याला आणि गाडीवाला उन्हाला. या सर्वांत तथ्य आहेच. परंतु एक कारण पक्ष्याच्या रक्तातच आहे. तिकडे आपल्या व्यावसायिक बांधवांचे लक्ष सहसा जात नाही, म्हणून त्याविषयी लिहीत आहोत.

कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात. तिच्या अंगाचे तापमान ४१ अंशांच्या आसपास असते. हवाही तितकीच तापली की चोच उघडून धापा टाकणे एवढाच मार्ग तिला उरतो. हवा कोरडी असल्यास त्याने काही अंशी निभावते. गोणपाट भिजवून लावण्याचा उपायही कोरड्या मुलखातच लागू पडतो, कोकणच्या दमट हवेत तितका नाही.

आता वाणाकडे वळू. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाने जुने व नवे वाण एकाच खाद्यावर वाढवून पाहिले. ५६ दिवसांत १९५७ सालचा वाण ९०५ ग्रॅमचा झाला, तर २००५ सालचा ४ किलो २०० ग्रॅमचा. ही प्रगती मोठीच आहे. पण जो पक्षी जास्त खातो व झपाट्याने वाढतो, त्याच्या अंगात उष्णताही जास्त निर्माण होते. शिवाय जगभरचा ब्रॉयलर मुख्यतः कॉर्निश व प्लायमाउथ रॉक या जातींच्या संकरातून आला असून, त्याचे मूळ कळप आज मोजक्या कंपन्यांच्या हाती आहेत. कोंबड्यांत मुळात असलेल्या आनुवंशिक विविधतेपैकी निम्मी किंवा त्याहून अधिक व्यापारी वाणांत आढळत नाही, असे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात दिसले. म्हणजे उन्हाला तोंड देणारा गुण हवा असेल, तर तो पुष्कळदा बाहेरून, गावठी जातींतून आणावा लागतो.

असा एक गुण सर्वांच्या पाहण्यातला आहे. तो म्हणजे उघडी मान. अंदमानात व इतरत्रही मानेवर पिसे नसलेल्या गावठी कोंबड्या आढळतात. हा गुण एकाच जनुकाचा आहे. तो आई किंवा बापापैकी एकाकडून आला तर अंगावरील पिसे सुमारे २० टक्क्यांनी घटतात, दोघांकडूनही आला तर सुमारे ४० टक्क्यांनी. पिसे कमी म्हणजे उष्णता बाहेर पडायला वाट मोकळी. इस्रायलमधील हिब्रू विद्यापीठाचे अविग्दोर कहानेर व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा जनुक झपाट्याने वाढणाऱ्या ब्रॉयलरमध्ये आणला. १९९३ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, उष्ण हवेत हे पक्षी पूर्ण पिसांच्या भावंडांपेक्षा चांगले वाढले. आपल्या देशातही बरेलीजवळील इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने ‘कॅरिब्रो ट्रॉपिकाना’ हा उघड्या मानेचा ब्रॉयलर तयार केला आहे.

यात दुकानदाराचाही फायदा आहे. आपण जिवंत वजनावर माल घेतो आणि पिसे काढून विकतो. पिसे कमी असली की तेवढी घट वाचते.

मग हा पक्षी बाजारात का दिसत नाही? थंडीत त्याचा विशेष लाभ होत नाही. दोन्हीकडून जनुक आलेल्या अंड्यांतून पिल्लेही कमी निघतात. गिऱ्हाईक उघडी मान पाहून नाक मुरडते, हेही खरे. आणि करारावर शेड चालवणाऱ्याला वाण निवडण्याची मुभाच नसते, कंपनी देईल ते पिल्लू घ्यावे लागते. आमच्या मते खरी अडचण हीच आहे. स्वतःच्या पैशाने पिल्ले घेणाऱ्यांनी मात्र उन्हाळ्याच्या एखाद्या तुकडीपुरती अशा वाणाची चौकशी जरूर करावी.

बाकीच्यांच्या हाती आहे ते वजन. पक्षी जितका जड, तितका उन्हात आधी कोसळतो. म्हणून मे महिन्यात दोन किलोंची वाट न पाहता दीड-पावणेदोन किलोंवरच माल उचलावा. खाद्य पहाटे व संध्याकाळी द्यावे, भर दुपारी काढून घ्यावे. गाडी रात्री भरावी आणि वाटेत चहासाठी उभी करू नये, कारण गाडी थांबली की पिंजऱ्यातला वारा थांबतो आणि मधल्या रांगेतले पक्षी गुदमरतात.