कंबर सगळे चेंडू मोजते

दिल्लीच्या मयूर विहारमध्ये वेगवान गोलंदाजी शिकणाऱ्या मुलाचा दिवस बहुधा दोन ठिकाणी जातो. सकाळी अकादमीच्या नेटमध्ये लेदरचा चेंडू, संध्याकाळी सोसायटीमागच्या पार्कात टेप गुंडाळलेला टेनिसचा. सरांच्या हिशोबात फक्त सकाळचे चेंडू येतात. कंबर दोन्हीकडचे धरते, कारण तिच्यावरचा भार चेंडूच्या वजनाचा नसतो, पाय आदळण्याचा असतो.

पळत येऊन उडी घेतली की आधी मागचा पाय टेकतो, मग पुढचा क्रीजवर आदळतो. त्या क्षणी जमीन शरीराच्या वजनाच्या पाचपट, कधी त्याहूनही जास्त जोराने उलट ढकलते. नेमकं तेव्हाच धड मागून पुढे येत असतं, एका बाजूला झुकतं आणि वळतही असतं. उजव्या हाताने टाकणाऱ्याच्या बाबतीत हा मार मुख्यतः कमरेच्या खालच्या मणक्यांच्या डाव्या बाजूला बसतो. हाडाला सूक्ष्म इजा होते आणि विश्रांती मिळाली की ते स्वतःला सांधून घेतं. त्याआधीच पुढचा स्पेल आला तर इजेवर इजा साचते. तेच स्ट्रेस फ्रॅक्चर. किशोरवयात उंची झपाट्याने वाढते, पण मणके अजून पक्के झालेले नसतात. म्हणून याच वयात जपायचं.

अॅक्शनचा भाग यात मोठा आहे. मागचा पाय टेकताना कंबर आणि खांदे एकाच दिशेला हवेत. दोन्ही आडवे असोत वा दोन्ही फलंदाजाकडे, चालतं. कंबर समोर आणि खांदे आडवे, अशी मिश्र अॅक्शन पाठ पिळून काढते. मित्राला स्टंपमागे उभं करून मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रण घ्यायला सांग. दहा चेंडूंत कळेल. बुमराची नक्कल मात्र नको. त्याचा कोपर जसा मागे वळतो तसा तुझा वळणार नाही, आणि त्यालाही 2023 मध्ये पाठीची शस्त्रक्रिया करावी लागली.

किती टाकायचं? इंग्लंडच्या बोर्डाने बरीच वर्षं वापरलेली मर्यादा सोपी आहे: तेरा वर्षांपर्यंत एका स्पेलमध्ये 5 ओव्हर आणि दिवसाला 10, पंधरापर्यंत 6 आणि 12, पुढे एकोणीसपर्यंत 7 आणि 18. नेटला आणि पार्कालाही मी हाच हिशोब लावीन. संध्याकाळी खेळायचंच असेल तर फलंदाजी कर, किंवा विकेटमागे उभा राहा. मित्र कुरकुरतील, कुरकुरू देत.

दिल्लीचंच उदाहरण घे. मयंक यादवने 2024 च्या आयपीएलमध्ये पदार्पणातच ताशी 155.8 किलोमीटरचा चेंडू टाकला, पुढच्या सामन्यात 156.7 चा. तिसऱ्या सामन्यात एक ओव्हर टाकून तो दुखापतीने बाहेर गेला, पुढे पाठीनेही त्याला छळलं. वेग अंगात असणं आणि तो हंगामभर टिकणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरी वाट श्रीरामपूरच्या झहीर खानची. संघाबाहेर असताना 2006 मध्ये तो वूस्टरशायरकडून खेळायला गेला, तिथे रनअप छोटा केला आणि हंगामात 78 बळी घेतले. लांबलचक रनअपला मुलं उगाच भाळतात. क्रीजपर्यंत तोल सांभाळून, वाढत्या गतीने पोचता येईल एवढाच रनअप पुरे. उरलेला वेग पुढचा पाय न दुमडता ताठ रोवल्याने मिळतो. घाईही नको. नागपूरकडच्या उमेश यादवने लेदरचा चेंडू उशिरा, विशीच्या आसपास हातात घेतला, तरी तो कसोटी खेळला.

दिल्लीत आणखी एक हिशोब आहे, हवेचा. नोव्हेंबर 2016 मध्ये धुरक्यामुळे कोटला मैदानावरचा बंगाल-गुजरात रणजी सामना एकही चेंडू न पडता रद्द झाला. दिवाळीनंतरच्या तशा सकाळी रनअप बंद. घरात मांड्या, नितंब आणि पोटाचे स्नायू कमवायचे. पुढच्या पायाचा धक्का तेच झेलतात.

मागे वाकल्यावर कमरेच्या एकाच बाजूला दुखत असेल, तर बाम चोळून पुढचा सामना खेळू नकोस. त्याच दिवशी गोलंदाजी थांबव आणि क्रीडावैद्यकाच्या डॉक्टरांना दाखव. सुरुवातीची चीर साध्या एक्स-रेत बऱ्याचदा दिसत नाही, म्हणून एक्स-रे चांगला आला तरी एमआरआय लागेल का, हे आईबाबांना विचारायला सांग.